वाळणकोंडाचे मासे

ईदच्या तिसऱ्या दिवशी शीरखुर्मा संपलेला असतो, पाहुणे पांगलेले असतात आणि मुले कंटाळलेली असतात. यंदा त्या दिवशी आम्ही मुलांना घेऊन वाळणकोंडाला गेलो. महाडहून बिरवाडी आणि तिथून आत डोंगराच्या दिशेने. माझे माहेर याच तालुक्यातले, पण खरे सांगायचे तर मीही पहिल्यांदाच जात होते. जवळचे नेहमी राहून जाते.

काळ नदी पुढे सावित्रीला मिळते. त्या आधी वाळण गावाजवळ तिच्या पात्रात काळ्या कातळाचा एक खोल डोह आहे, तोच हा कोंड. सात बाजांचे सुंभ सोडले तरी तळ लागला नाही, असे गावकरी सांगतात. काठावर वरदायिनी देवीचे स्थान आहे आणि डोहातले मासे देवीचे मानले जातात, म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही. चुरमुरे टाकले आणि पाणी एकदम उकळल्यासारखे झाले. हातभर लांबीचे, कौलासारखे मोठे खवले असलेले मासे एकमेकांवर चढू लागले. आम्ही कोकणातली माणसे, मासा दिसला की आधी कालवण आठवते. माझ्या धाकट्याने तर उघडच विचारले, "अम्मी, मासा हलाल असतो ना? मग इथे का पकडत नाहीत?"

चुरमुरे विकणारे काका हसले. म्हणाले, "सांगा भाभी, आता तुम्हीच सांगा."

देवीची गोष्ट आमच्या श्रद्धेतली नाही, पण राखून ठेवण्याची गोष्ट आमची आहेच. मक्का आणि मदिनेच्या हरमच्या हद्दीत शिकार करता येत नाही, झाडे तोडता येत नाहीत. प्रेषितांनी (स.) मदिनेजवळचे नकी हे कुरण घोड्यांसाठी राखून ठेवले होते. अशा राखीव जागेला हिमा म्हणतात. हलाल वस्तूसुद्धा हवी तेव्हा, हवी तिथे, हवी तितकी घ्यायची नसते, हे मी मुलाला त्याच्या भाषेत सांगितले. तुर्कस्तानातल्या उर्फा शहरात हजरत इब्राहीम (अलै.) यांच्या नावाशी जोडलेला तलाव आहे. नमरूदने पेटवलेल्या आगीचे पाणी झाले आणि लाकडांचे मासे झाले, अशी तिथली लोककथा. ते मासे खाल्ले तर माणूस आंधळा होतो, असे लोक मानतात. कथा खरी असो वा नसो, मासे मात्र सुखात आहेत.

कोंडातला हा मासा म्हणजे महसीर. आपल्याकडे त्याला खडस किंवा खडशीही म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याची शास्त्रीय नोंद केली. आज त्याच मुळा-मुठेकडे नाक धरल्याशिवाय बघवत नाही. या माशाला स्वच्छ, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. तो सावकाश वाढतो आणि पावसाळ्यात वर चढून खडी-गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. मधे बंधारा आला, वाळू-खडी उपसली की वंश थांबला.

इथेच मला माझे लहानपण आठवले. पहिल्या पावसात वळगण लागली की अब्बा पाग आणि कंदील घेऊन रात्रीच ओढ्यावर जात. सकाळी परातभर मासे आणि प्रत्येकाच्या पोटात गाबोळी. आम्ही भावंडे गाबोळीसाठी भांडायचो. ती पुढच्या वर्षीची मासळी आहे, हे कोणाच्या मनातही आले नाही. पाग तरी बरा म्हणायचा. आता ठिकठिकाणी नद्यांत ब्लीचिंग पावडर टाकतात, सुरुंगाची दारू फोडतात, म्हणजे पिलेही गेली. कोंडातला मासा कोंडात आहे तोवर सुरक्षित. पावसात तो बाहेर पडला की त्याला देवीची हद्द कोणी सांगायची?

महसीर वाचवण्याचे मोठे काम आपल्या लोणावळ्यात झाले. टाटांच्या वळवण तलावाजवळच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून या माशाची अंडी काढून लाखो पिले वाढवली गेली आणि ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली गेली. एके काळी संकटग्रस्त यादीत असलेला हा मासा आता त्या यादीतून बाहेर आला आहे. पण आपली पिले दूर कावेरीतही सोडली गेली. तिथे आधीपासून पाठीवर कुबड असलेला, ५० किलोंच्या वर जाणारा स्वतःचा महसीर होता. आपला मासा तिथे फोफावला आणि तो कुबडवाला मागे हटत गेला. धरणे, वाळूउपसा, सुरुंग हे होतेच. २०१८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. जगभरात तो फक्त कावेरीच्या खोऱ्यात आहे. ज्यांनी पिले सोडली त्यांची नियत चांगलीच होती, म्हणूनच हे वाचून मला जास्त वाईट वाटले.

अस्रची वेळ झाली तेव्हा आम्ही कोंडापासून खाली, सपाट कातळावर वजू केला. काकांनी आपणहून बसायची ताडपत्री आणून दिली. निघताना धाकट्याने उरलेले चुरमुरे एकदम ओतले आणि प्लास्टिकची पिशवीही पाण्यात जाता जाता राहिली. त्याबद्दल काकांचा ओरडा त्याने खाल्ला तो योग्यच.

घरी आल्यावर भावाला फोन केला. अब्बांचा पाग आता त्याच्याकडे असतो. म्हटले, यंदा वळगणीला जाऊ नकोस, निदान पोटुशी मासळी परत सोड. तो हसला. "आपा, माझ्या एका पागाने काय होणार? सगळा गाव जातो." मग थोडा थांबून म्हणाला, "बरं, बघतो."

मृगाला अजून दोन महिने आहेत.