कृष्णाकाठी सावकाश : वाई आणि मेणवली

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा डोंगर उतरून वाईच्या खोऱ्यात येते आणि तिचा वेग मंदावतो. याच संथ पात्राच्या काठी पेशवाईच्या काळात घाट, देवळे आणि वाडे उभे राहिले. पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परतता यावे, इतका हा परिसर जवळ आहे. ज्येष्ठांना तो अवश्य दाखवावा. मात्र पाहण्याची गती त्यांच्या पावलांनी ठरवावी.

वाईतील ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. एकाच पाषाणातील भव्य मूर्तीचे दर्शन झाले की मंदिराची मागील भिंतही पाहावी. पुराचे पाणी दोन्ही अंगांनी दुभंगून जावे, म्हणून तिला माशासारखा निमुळता आकार दिला आहे.

येथून सुमारे तीन किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे नदीत उतरणारा दगडी घाट आणि काठावरचे मेणवलेश्वराचे मंदिर. जवळच एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मेरी व बाळ येशू यांची आकृती आणि १७०७ हे साल आहे. १७३९ च्या वसई मोहिमेतील विजयानंतर मराठ्यांनी आणलेली ही घंटा महादेवाच्या सान्निध्यात विसावली आहे.

पायऱ्या झेपणार नाहीत, या काळजीने अनेक कुटुंबे वडीलधाऱ्यांना गाडीतच बसवून ठेवतात. काळजी रास्त असली, तरी सारा दिवस काचेआडून पाहणाऱ्याच्या मनाला ती बोचते. घाटाच्या वरच्या कठड्याजवळ घडीची खुर्ची मांडली, तरी नदी पुरेशी भेटते. उतरायचेच असेल, तर चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांवर अधिक ताण येतो, हे ध्यानी असावे. उतरताना दुखरा पाय आधी टाकावा, चढताना सशक्त पाय आधी उचलावा. सोबत्याने उतरताना एक पायरी पुढे आणि चढताना एक पायरी मागे राहावे. पावसाळ्यात व नंतरही काही काळ दगडांवर शेवाळ असते. तेव्हा पाण्यालगत जाणे टाळावे.

मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांची संवेदना मंदावली आहे, त्यांना तापलेल्या फरशीचा चटका जाणवत नाही आणि फोड मागाहून दिसतो. म्हणून दर्शन सकाळी उरकावे, शक्य तेथे जाड मोजे घालावेत आणि परतल्यावर तळपाय निरखून पाहावेत. औषधांच्या व जेवणाच्या वेळा प्रवासातही चुकवू नयेत. स्वच्छतागृहाच्या धास्तीने वृद्ध मंडळी पाणीच पीत नाहीत. त्यातून चक्कर येण्याचा धोका वाढतो. मेणवलीकडे निघण्यापूर्वी वाईतच ती सोय पाहून घ्यावी.

वेळ उरला, तर धोमचे नरसिंह मंदिर आणि तेथील कुंडातला नंदी पाहता येतो. न उरल्यास खंत नसावी. निघण्याच्या आदल्या दिवशी आजी-आजोबांनाच विचारावे, की त्यांना काय पाहायचे आहे. त्यांनी एकच घाट निवडला, तर त्या एका घाटासाठी सारी सकाळ राखून ठेवावी.