खोट्या प्रवक्त्याची खरी बातमी : भोपाळ, बीबीसी आणि ३ डिसेंबर २००४

१/ ३ डिसेंबर २००४. भोपाळ वायुदुर्घटनेला वीस वर्षे पूर्ण झाली होती. त्या दिवशी बीबीसी वर्ल्ड वाहिनीवर डाऊ केमिकल कंपनीचे प्रवक्ते म्हणून ज्यूड फिनिस्टेरा नावाचे गृहस्थ आले. त्यांनी शांतपणे जाहीर केले की, कंपनी दुर्घटनेची संपूर्ण जबाबदारी स्वीकारत आहे. युनियन कार्बाइड मोडीत काढून उभे राहणारे १२ अब्ज डॉलर पीडितांची भरपाई, औषधोपचार आणि परिसराची स्वच्छता यांवर खर्च होतील.

२/ यातले काहीही खरे नव्हते, प्रवक्त्याचे नावसुद्धा. पॅरिसच्या स्टुडिओत बसलेला तो मनुष्य म्हणजे ‘द येस मेन’ या अमेरिकी विडंबनकार जोडीतील अँडी बिकलबाम. या जोडीने डाऊच्या नावाने एक बनावट संकेतस्थळ उभारले होते. मुलाखतीसाठी प्रवक्ता शोधणारी बीबीसी त्या संकेतस्थळावर पोहोचली आणि तिनेच त्यांना निमंत्रण दिले.

३/ पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली; पाच लाखांहून अधिक लोकांना बाधा झाली. १९८९ साली कंपनीने भारत सरकारशी ४७ कोटी डॉलरची तडजोड केली. २००१ साली डाऊने युनियन कार्बाइड विकत घेतली, मात्र भोपाळचे दायित्व आपले नाही, अशी भूमिका घेतली.

४/ बलाढ्य संस्थेचाच आवाज आणि वेश घेऊन तिचे पितळ उघडे पाडण्याच्या या तंत्राला ‘कल्चर जॅमिंग’ म्हणतात. आपल्याकडचा बहुरूपी फौजदाराच्या वेशात दारात येऊन दरडावतो, त्याच कुळातले हे सोंग. सोंग उतरल्यावर आपण हसतो, पण फौजदाराला आपण किती घाबरतो, हेही आपल्याला कळून चुकलेले असते.

५/ बातमीचा परिणाम तत्काळ झाला. फ्रँकफर्टच्या शेअर बाजारात २३ मिनिटांत डाऊचा समभाग ४.२४ टक्के घसरला. कंपनीचे बाजारमूल्य सुमारे २ अब्ज डॉलरने उतरले. कंपनीने इन्कार करताच भाव पुन्हा सावरला. न्याय होणार म्हणताच बाजार कोसळला आणि न्याय होणार नाही हे कळताच तो निश्चिंत झाला. या विडंबनातील सर्वांत बोचरे वाक्य, मला वाटते, बाजारानेच उच्चारले.

६/ आता याच्याशेजारी एक खरी बातमी ठेवून पाहा. १९८१ च्या अखेरीस याच कारखान्यातील वायुगळतीत एक कामगार दगावला. त्यानंतर राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने शोध घेतला आणि १९८२ पासून ‘रपट’ या आपल्या छोट्या हिंदी साप्ताहिकातून शहरावरील संकटाचा इशारा दिला. १९८४ साली, दुर्घटनेच्या काही महिने आधी, ‘जनसत्ता’तूनही तो दिला. कोणीही हालले नाही.

७/ माझ्या मते या प्रकरणाचे मर्म इथे आहे. खरा इशारा छापला गेला आणि विरून गेला. खोटे आश्वासन प्रतिष्ठित वाहिनीवरून आले आणि काही मिनिटांत युरोपातला बाजार हलला. आपण बातमीवर विश्वास ठेवतो की ती सांगणाऱ्याच्या कोटटायवर, हा प्रश्न येस मेननी विचारला.

८/ पण या प्रयोगाची किंमत कोणी मोजली? भोपाळमध्ये ज्यांनी ती घोषणा खरी मानली, त्यांचा आनंद काही तासांतच मावळला. येस मेनचे उत्तर असे की, वीस वर्षांच्या यातनांपुढे दोन तासांची खोटी आशा ती काय! मला हे उत्तर अपुरे वाटते. पीडितांची आशा ही पीडितांची मिळकत आहे. सद्हेतूनेही ती परस्पर खर्च करण्याचा अधिकार दुसऱ्याला नाही. पुढे हे दोघे भोपाळला गेले आणि तिथल्या लोकांसमोर उभे राहिले. त्यांच्या २००९ च्या माहितीपटात ते दिसते. हे धैर्य मात्र मान्य करावे लागते.

९/ मग आजच्या फेक न्यूजमध्ये आणि यात फरक काय? बहुरूपी शेवटी आपली ओळख सांगतो. येस मेनचे सोंग उघडकीस येण्यासाठीच रचलेले होते. उघडकीस आल्यावर त्याचा अर्थ सुरू झाला. फेक न्यूज उघडकीस आली की तिचा अर्थ संपतो, म्हणून ती लपत राहते.

१०/ नंतर काय घडले? २०१० साली भोपाळच्या न्यायालयाने भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. युनियन कार्बाइडचे तेव्हाचे अध्यक्ष वॉरन अँडरसन भारतातील खटल्याला कधीच सामोरे गेले नाहीत. २०१४ साली ते वारले. वाढीव भरपाईची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली फेटाळली. कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत पीथमपूरला हलवण्यात आला, म्हणजे दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी.

११/ फिनिस्टेराने दिलेली आश्वासने पुन्हा वाचा : भरपाई, उपचार, स्वच्छता. त्यांत अतिशयोक्ती कुठेच नाही. कोणत्याही जबाबदार कंपनीने जे करायला हवे, तेवढेच तो बोलला. आणि तेच ऐकून जगाला वाटले, ही केवढी मोठी बातमी!