थांबता येईल असा रस्ता

रस्ता रुंद झाला की गाव सुधारलं, असं आपण धरूनच चालतो. रुंद कुणासाठी, हे मात्र कुणी विचारत नाही. मलाही हा प्रश्न पडला तो लेकीकडे मेक्सिकोत गेले तेव्हा, ग्वानाह्वातो नावाच्या गावात. जावईबापूंची नोकरी तिथून जवळच, मोटारींच्या कारखान्यात. आणि गंमत बघा, त्या गावाच्या मधल्या भागात मोटार फारशी दिसतच नाही!

गाव वाढलं ते चांदीच्या खाणींवर. सोळाव्या शतकात इथे चांदी सापडली. डोंगरांमधली चिंचोळी घळ, मधून नदी, नि जागा मिळेल तिथे घर. माणसं आणि गाढवं जिथून चढली, तीच वाट झाली. म्हणून गावभर बोळच बोळ. एक तर पाऊण मीटरहूनही अरुंद. समोरासमोरच्या सज्जांतून दोन प्रेमिकांनी मुके घेतले म्हणे, म्हणून त्याचं नावच ‘मुक्याचा बोळ’. लेक हे सांगत होती आणि जावईबापू दुसरीकडे बघत होते.

नदी पावसाळ्यात गावात शिरायची. १९०५ साली मोठा पूर आला. त्यानंतर बोगदा खणून पाणी दुसरीकडून काढून दिलं. खाणकऱ्यांच्या गावाला बोगद्याचं काय नवल? नदीचं जुनं पात्र रिकामं पडलं. पुढे १९६०च्या दशकात मोटारींची सोय करायची वेळ आली, तेव्हा वरची जुनी घरं पाडत बसण्यापेक्षा त्या गाड्यांना या पात्रात उतरवलं. आज खाली गेलं की डोक्यावर दगडी कमानी, घरांचे पाये. बसचा थांबासुद्धा खालीच. जिना चढून वर आलं की ऊन, चौक, बाकं आणि चालणारी माणसं. १९८८ साली युनेस्कोने हे गाव आसपासच्या खाणींसकट जागतिक वारसा ठरवलं. आता गावाचं पोट मुख्यतः विद्यापीठावर नि पाहुण्यांवर चालतं.

सगळंच गोड आहे असं नाही हं. बोळ चढताना गुडघे बोलू लागतात. गॅसचा सिलिंडर माणसाच्या खांद्यावरून वर जातो. पाहुण्यांना टेकडीवर न्यायला उतारावरची छोटी रेल्वे आहे, पण भाजी घेऊन घरी जाणाऱ्या बाईला बोळच चढावा लागतो. अशीच एक म्हातारी पिशवी खाली ठेवून मधल्याच पायरीवर बसली. दारातल्या बाईशी बोलली, हसली, दम खाल्ला आणि उठली. मागून कुणी हॉर्न वाजवला नाही. वाट अवघड होती, पण तिला मध्येच थांबता येत होतं.

आमच्या सीमाभागातल्या गावात आमची गल्ली रुंद झाली तेव्हा घरापुढचा कट्टा गेला, पायऱ्या गेल्या. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की थेट मोटारसायकलीच्या पुढ्यात. सासूबाई रोज चालत बस्तीला जायच्या. सपाट, पाच मिनिटांची वाट. पण वाटेत दोन कट्ट्यांवर टेकायच्या, तिथे चौकश्या व्हायच्या, कुणाची सून माहेरी गेली तेही कळायचं. आता टेकायला जागा नाही, म्हणून चालणं नाही. रिक्षाने न्यावं लागतं, आणि न्यायला कुणी नसलं तर घरातूनच हात जोडतात. जुनं जपायचं म्हणजे नक्षीचे खांब जपायचे असं मला वाटे. या टेकण्याच्या जागासुद्धा त्यातच धरायला हव्यात.

आता पलीकडच्या गल्लीतल्या भिंतींवर लाल खुणा पडल्या आहेत. आम्ही बायकांनी अर्ज लिहायला घेतला आहे. रस्ता नकोच, असं त्यात नाही. दवाखान्याची गाडी दारापर्यंत यायलाच हवी. मागणं एवढंच, की एका अंगाने गाड्यांना न जुमानता चालता येईल अशी फरशी ठेवा, आणि जमतील तेवढे कट्टे वाचवा. काल मोजले. त्या गल्लीत अजून अकरा शिल्लक आहेत.