'नमोत्थुणं'मधील लुप्त 'अ'

जव्हारच्या बाजारपेठेत किराणा दुकान असलेल्या एका कुटुंबातील मुलीने नाशिकला अकरावीत फ्रेंच विषय घेतला. मोखाड्याहून येणाऱ्या गिऱ्हाइकांशी मराठी, घरात मारवाडी, वर्गात हिंदी व इंग्रजी. चार भाषा लीलया बोलणाऱ्या या मुलीला पाचवीने मात्र रडकुंडीस आणले. दिवाळीच्या सुटीत घरी आली ती विषय सोडण्याच्या विचारानेच.

अडचण शब्दांच्या जोडणीची होती. फ्रेंचमध्ये 'चा' या अर्थाच्या 'द'पुढे पुल्लिंगी उपपद 'ल' आले की दोहोंचे मिळून 'द्यू' होते. 'ला, कडे' या अर्थाच्या 'आ'पुढे तेच आले तर 'ओ' होते. स्त्रीलिंगी 'ला' मात्र या दोहोंपुढेही तसेच राहते. पुढील नाम स्वराने सुरू होत असेल, तर 'ल' आणि 'ला' दोघेही आपला स्वर गमावून त्याला चिकटतात. येथवर हिशेब जुळतो. पण 'ह' हे अक्षर तेथे लिहितात, उच्चारीत नाहीत. आणि तरीही काही शब्दांत ते अदृश्य भिंतीसारखे आड येते. वीर या अर्थाच्या 'एरो'पूर्वी 'ल' सुटाच राहतो, वीरांगनेची मात्र 'लेरोइन' होते. एकाच घरातले दोन शब्द, आणि रीत निराळी! असे शब्द पाठच करावे लागतात.

दादींचे नुकतेच सामायिक झाले होते. पाठशाळेत साध्वीजींकडून त्या सूत्रे अर्थासह शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "बेटा, 'नमोत्थुणं'मध्ये 'नमो'च्या पुढे 'अत्थु' आहे ना? मग त्यातला 'अ' कुठे गेला? आणि नवकारात 'अरिहंताणं'चा 'अ' कसा राहिला?"

मुलगी निरुत्तर झाली. दोन्ही पाठ ती लहानपणापासून अचूक म्हणत आली होती.

आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात 'सिद्धहेमशब्दानुशासना'च्या आठव्या अध्यायात प्राकृताचे व्याकरण सांगितले. दोन पदांमधील संधी त्यांनी वैकल्पिक मानला आणि आरंभीच 'बहुल' हा अधिकार घालून भाषेची मोकळीक मान्य केली. फ्रेंच एवढी उदार नाही. 'ल एरो'च्या जागी 'लेरो' म्हटले की गुण गेलेच. पण कान तयार करण्याची रीत दोन्हीकडे एकच: मोठ्याने म्हणणे, पुन्हा म्हणणे.

दुकानातील एका कोऱ्या वहीत जमा-नावेसारखे दोन रकाने पडले. एकात चिकटणारे शब्द, दुसऱ्यात न चिकटणारे, प्रत्येक आपल्या उपपदासह. रोज दहा. दादींना अर्थ कळत नसे, पण 'एरो'आधीचा विराम चुकला की त्या माळ थांबवून मान वर करीत.

विषय तिने सोडला नाही. 'द्यू' आणि 'ओ' आता बिनचूक येतात. 'ह'चे काही शब्द अद्याप फसवतात.