उपरण्याखालचा भाव

१/ लंडनच्या ईस्ट एन्डमध्ये जिन्याला 'ॲपल्स अँड पेअर्स' म्हणत. कारण 'पेअर्स'चे यमक 'स्टेअर्स'शी जुळते. पुष्कळदा यमकाचा शब्दच गाळला जाई. 'बुचर्स हुक' म्हणजे 'लुक', पण बोलताना उरे नुसता 'बुचर्स'. परक्याने अर्थ शोधावा तरी कुठे? जॉन कॅम्डन हॉटन यांनी १८५९ मध्ये ही बोली आपल्या कोशात नोंदवली. ती त्यांनी रस्त्यावर पदे गाऊन आणि छापील कागद विकून पोट भरणाऱ्यांची मानली.

२/ आपल्याकडेही अशी गुप्त बोली होती. व्यापाऱ्यांची नंदभाषा. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती हॉटनच्या दोनच वर्षे आधीची, १८५७ ची. तीत या भाषेची नोंद आहे. केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. येथे यमक नाही. हेतू मात्र तोच. गिऱ्हाइकादेखत बोलावे आणि त्याला कळू नये.

३/ जेथे शब्दही नकोत तेथे करपल्लवी. उपरण्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटे दाबून भाव सांगायचा. एक बोट म्हणजे शंभर की हजार, हे समोरच्या जनावरावरून उमजायचे.

४/ मी धाडचा. एम.ए.च्या अभ्यासात ही नावे सापडली, तेव्हा हरखून आजोबांना वाचून दाखवली. ते हसले नाहीत. दुष्काळात बैलजोडी विकली, तेव्हा उपरण्याखाली दोन हात बोलत होते आणि आजोबा शेजारी उभे होते. म्हणाले, "बैल माहे व्हते, बोटं त्याह्यची व्हती."

५/ वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी १८९७ मध्ये कायदा झाला. महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३ चा. नियंत्रित बाजारात उघड लिलावाचा आग्रह का धरावा लागला, हे मला त्या एका वाक्याने कळले.

६/ म्हणून मित्रांनो, गुप्त बोलीचे कौतुक जरूर करा. पण ती कोणापासून गुप्त होती, हेही विचारा. लंडनमध्ये ती फेरीवाल्यांची होती, आपल्या बाजारात थैली बाळगणाऱ्यांची. कोशात बोलणाऱ्यांचे शब्द येतात. ज्याला ते कळू द्यायचे नव्हते, त्याची नोंद तेथे नसते. ती घरच्या म्हाताऱ्यांकडे असते. वेळ आहे तोवर विचारून घ्या.