उन्हातली आई

"आई, जरा उन्हात बसत जा," हा उपदेश मी वर्षभर केला. जन्मभर अंगणात सांडगे-कुरडया वाळवणाऱ्या बाईला मी ऊन शिकवीत होतो! तिची हाडे ठणकतच राहिली, आणि तिच्या कण्हण्याला मी कंटाळलो, हेही खरेच. अखेर डॉक्टरांनी उलगडा केला. उन्हाने त्वचेत घडते ते ड जीवनसत्त्व कच्चेच. त्यावर एक संस्कार यकृतात, दुसरा मूत्रपिंडात. तेव्हा कुठे आतडी अन्नातले कॅल्शियम नीट शोषू लागतात. मूत्रपिंडाची ही करामत केंब्रिजमध्ये उमगली ती १९७० साली. आईची मूत्रपिंडेच थकली होती. आता ती ०.२५ मायक्रोग्रॅम कॅल्सिट्रायॉलची गोळी घेते. "एवढीशी?" म्हणाली, आणि कुरडयांवरचे फडके सारखे करायला अंगणात गेली.