संगोपन खाते

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका आडत दुकानात हिशेब लिहिणाऱ्या बाईंनी दशलक्षण पर्वाच्या आदल्या आठवड्यात काम सोडण्याची चिठ्ठी मालकांच्या गादीवर ठेवली. कारण एका ओळीचे होते : सासूबाईंच्याने आता मूल सांभाळवत नाही. पती निवर्तून दोन वर्षे झालेली. मुलगी तिसरीत, मुलगा साडेतीन वर्षांचा. पगार बारा हजार, आणि पाळणाघराची फी साडेतीन हजार. घरभाडे व औषधे वजा जाता पाळणाघरासाठी काही उरतच नव्हते.

मालक समाजाच्या मदतनिधीचे विश्वस्त. त्यांनी अर्ज करण्यास सुचविले, तेव्हा बाईंनी मान खाली घातली. ‘‘अण्णा, मंदिरात रोज त्याच बायका भेटतात.’’ मदतीपेक्षा तिची वाच्यता अधिक जड असते, हे देणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही.

निधीच्या छापील अर्जावर शिक्षण, औषधोपचार व विवाह एवढेच रकाने होते. बैठकीत एका ज्येष्ठांनी विचारले, ‘‘मूल सांभाळण्याचे पैसे? आपल्यात असे कधी झाले आहे काय?’’ प्रश्नात दुष्टपणा नव्हता; ज्या घरात आजी, काकू, आत्या सारे एका छपराखाली नांदत, त्या घरातून तो आला होता. अण्णांनी वाद न घालता कागद पुढे ओढला आणि व्यापाऱ्याचा हिशेब मांडला. काम सुटले तर बारा हजारांची आवक बंद, आणि शिधा व शाळेची फी अखेर निधीलाच द्यावी लागणार. साडेतीन हजार दिले तर आवक टिकते. ‘‘वात्सल्य अंगावरचे प्रवचन आपण दरवर्षी ऐकतो,’’ एवढेच ते वर म्हणाले.

पाळणाघराची सोय कायद्याने बंधनकारक आहे, पण ती पन्नास वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना. पेढीवर माणसे सात. राज्य शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना मात्र या घराला लागू होती. एक पालक गमावलेल्या गरजू बालकाला अठरा वर्षांचे होईपर्यंत दरमहा 2,250 रुपये मिळतात. 2023 पूर्वी ही रक्कम 1,100 होती. जाती-धर्माची अट नाही. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात द्यावयाचा, आदेश बाल कल्याण समितीचा. पतीचा मृत्यू दाखला, तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, मुलांचे आधार, पासबुक, सारे जमविण्यास पेढीचे दिवाणजी दोनदा बरोबर गेले.

अनुदान हाती पडेपर्यंत महिने जातात. निधीने नेमके तेवढेच महिने उचलले. फी थेट पाळणाघरात भरली जाई. निधीच्या वहीत केवळ क्रमांक, नाव नाही. बाईंनी ते तेवढ्यावरच मान्य केले.

फाल्गुनात अनुदान जमा झाले. बाईंनी एक पाकीट अण्णांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी ते परत सरकविले.

‘‘माझ्यासाठी नव्हे, अण्णा. धान्यबाजारात एक जण आहे, तिचे मूल पोत्यांमागे झोपते.’’

अण्णांनी खतावणी मागविली. नव्या पानावर ‘संगोपन खाते’ असे शीर्षक घालून बाईंनीच पहिली जमा लिहिली, आणि नावाच्या जागी ‘गुप्तदान’.